ठेकेदाराचे कागद बरोबर, कामगाराच्या हातात मात्र कमी: किमान वेतन तपासायचे कसे?

प्रश्न नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका मध्यम कारखान्याच्या प्रशासन विभागाचा आहे. ठेकेदारामार्फत ४० कामगार आहेत. दर महिन्याला पगारपत्रक, पीएफचे चलन आणि ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) चलन वेळेवर येते. दर किमान वेतनाइतकाच दिसतो. तरी कामगार सांगतात की हातात नऊ हजारांच्या आतबाहेरच पडतात. खोट कुठे शोधायची, जबाबदारी कोणाची, आणि १९४८ पासून कायदा असूनही आपल्यासारख्या देशांत तो पाळला का जात नाही?

आधी हातात किती यायला हवे ते काढू. हिशेब सोपा व्हावा म्हणून किमान वेतन, म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता, महिना १३,००० रुपये धरू. हा आकडा उदाहरणापुरता आहे, तुमचा दर अधिसूचनेतून घ्या. १३,००० ला २६ ने भागले की रोज ५०० रुपये. कामगाराचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,५६०. ईएसआय ०.७५ टक्के, म्हणजे ९८. व्यवसाय कर पुरुष कामगाराला २०० रुपये (फेब्रुवारीत ३००), महिलेला २५,००० पर्यंत काहीच नाही. महिनाभर खाडा न करणाऱ्या पुरुषाच्या हातात ११,१४२ रुपये यायला हवेत. तेव्हा '१३,००० मिळत नाहीत' या तक्रारीत एकट्याने काही सिद्ध होत नाही. कपातीनंतरचा आकडा ठाऊक नसल्यामुळे कित्येक खऱ्या तक्रारी पहिल्याच प्रश्नाला अडखळतात.

आता ठेकेदाराने २६ ऐवजी २१ दिवस भरले असे समजा. एकूण १०,५००, त्यातून पीएफ १,२६०, ईएसआय ७९ आणि व्यवसाय कर २००. उरले ८,९६१. तुमच्या कामगारांचे 'नऊ हजारांच्या आतबाहेर' इथेच येऊन बसते. म्हणून पहिला संशय हजेरीवर घ्यायचा.

आपल्याकडे दरात चोरी करणारा ठेकेदार आता क्वचित सापडतो. दर छापील असतो, कोणीही पडताळू शकतो. चोरी होते ती दिवसांत, तासांत, वर्गवारीत आणि बँकेत पैसे जमा झाल्यानंतर. पगारपत्रकावर दर तेवढा पाहून सही करणारा अधिकारी नेमकी तीच जागा तपासतो जिथे काही सापडणार नसते.

दिवसांपासून सुरुवात करा. पीएफचे नुसते चलन घेऊ नका, त्यावर एकूण रक्कमच असते. सदस्यनिहाय ईसीआर, म्हणजे ठेकेदार पीएफ कार्यालयाकडे दर महिन्याला भरतो ते विवरण, मागा. त्यात प्रत्येक नावासमोर एनसीपी दिवसांचा रकाना असतो, म्हणजे ज्या दिवसांचे वेतन दिलेले नाही ते दिवस. चाळीसपैकी तीस नावांपुढे दर महिन्याला चार-पाच-सहा असेच आकडे दिसत असतील, तर सगळे कामगार एकाच मापाने आजारी पडतात असे मानावे लागेल. ईएसआयच्या विवरणातही प्रत्येक विमाधारकापुढे दिवस आणि वेतन असते. मात्र हजेरीपट, ईसीआर आणि ईएसआय हे तिन्ही कागद ठेकेदाराचा एकच माणूस एकाच संगणकावर तयार करतो. ते एकमेकांशी जुळले म्हणून काम भागत नाही.

जुळवायचे ते ठेकेदाराच्या हातात नसलेल्या नोंदींशी. फाटकावरचे रजिस्टर किंवा बायोमेट्रिक, कँटीनची कुपने, कंपनीच्या बसची यादी, सुरक्षा विभागाच्या सकाळच्या सूचना-सभेवरच्या सह्या, उंचीवर किंवा वेल्डिंगसाठी दिलेले कामाचे परवाने. एक महिना आणि दहा नावे निवडा. नावे ठेकेदाराला विचारून निवडू नका. प्रत्येक नावासमोर फाटकाचे दिवस, कँटीनचे दिवस आणि पगारपत्रकाचे दिवस लिहा. एक-दोन दिवसांचा फरक फाटकावरच्या नोंदीतल्या चुकीचा असू शकतो. दहापैकी सात जणांना चार-पाच दिवसांचा फरक आला तर तो ठरवून केलेला आहे. बायोमेट्रिक यंत्राचा ताबाही ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे असेल तर ती नोंद बाजूला ठेवा आणि कँटीनवर भिस्त ठेवा. जेवायला माणूस खरोखर आलेला असतो.

तासांचा मामला सुरक्षा रक्षक आणि हाउसकीपिंगमध्ये सर्वांत वाईट आहे. बारा तासांची पाळी, महिन्याचे तीसही दिवस, पगार १५,०००. कागदावर तो १३,००० पेक्षा जास्त, म्हणून सगळे खूश. हिशेब मात्र असा निघतो: २६ दिवस रोज ८ तासांचे १३,०००. तासाचा दर ५०० भागिले ८, म्हणजे ६२.५०. जादा कामाला दुप्पट, म्हणजे १२५. रोजचे ४ तास गुणिले २६ दिवस, १०४ तासांचे आणखी १३,०००. चार साप्ताहिक सुट्ट्यांना काम केले आणि बदली सुट्टी दिली नाही, तर तेही जादा दराने: १२ तास गुणिले १२५ गुणिले ४, म्हणजे ६,०००. एकूण ३२,०००. दिले १५,०००. ३६० तासांना भागले तर तासाला ४१ रुपये ६७ पैसे पडतात, म्हणजे साध्या दराच्याही दोन-तृतीयांश. शहरातल्या गृहनिर्माण सोसायट्या, खासगी रुग्णालये, मंगल कार्यालये सगळीकडे हेच गणित चालते, आणि 'आम्ही मिनिममपेक्षा जास्तच देतो' हे वाक्य अगदी प्रामाणिकपणे बोलले जाते. महिन्याच्या पगाराला खऱ्या तासांनी भागून पाहण्याची सवय लावून घ्या, बाकी बरेच आपोआप उघडे पडते.

उलट बाजूने अंशकालीन कामगार. राज्याच्या अधिसूचनांत त्यांचा तासाचा दर काढताना रोजच्या दराला ८ ने भागून त्यावर १५ टक्के वाढ धरायला सांगितलेले असते. आपल्या उदाहरणात ७१.८८ रुपये. तीन तासांच्या झाडलोटीला 'अर्धा पगार' किंवा 'पाव पगार' असा अंदाजपंचे आकडा देणारे हा भाग हमखास विसरतात.

वर्गवारीत फारसे खोल जायला नको. अकुशल, अर्धकुशल आणि कुशल ही नावे हजेरीपटावर काय लिहिली आहेत त्यावर ठरत नाहीत, काम काय आहे त्यावर ठरतात. वेल्डिंगच्या परवान्यावर ज्याचे नाव आहे तो पगारपत्रकात 'हेल्पर' असेल तर पुढे विचारायची गरज उरत नाही.

पैसे परत घेणे पकडायला मात्र जड जाते. बँकेत ११,१४२ जमा होतात आणि आठवडाभरात दोन हजार रोख सुपरवायझरकडे पोहोचतात, किंवा एटीएम कार्डांचा गठ्ठाच ठेकेदाराच्या कपाटात असतो. कागदावर याचा मागमूस नसतो. यासाठी कामगारांशी बोलावेच लागते, आणि तेही सुपरवायझर, ठेकेदाराचा मुनीम, तुमचा स्टोअरवाला यांच्यापैकी कोणी आसपास नसताना. पाळी सुटल्यावर, कँटीनच्या मागे, चार-पाच जण वेगवेगळे. बुटीबोरी-हिंगण्याकडे बालाघाट, छिंदवाडा आणि छत्तीसगडची माणसे पुष्कळ असतात. त्यांच्याशी हिंदीत बोला. 'किमान वेतन मिळते का?' असे विचारले तर 'हो साहेब' एवढेच ऐकू येईल. परवाच्या रविवारी कामावर होता का, एटीएम कार्ड आत्ता खिशात आहे का, पैसे कोणत्या मशीनमधून काढले, पीएफचा मेसेज शेवटचा कधी आला, गेल्या दिवाळीला बोनस म्हणून किती मिळाले, बूट आणि आयकार्डचे पैसे कापले का, असे विचारा. कोण काय बोलला याची नोंद नावानिशी ठेवू नका. ती फाइल उद्या ठेकेदाराच्या हाती लागली की आठ दिवसांत ती माणसे फाटकाबाहेर असतील.

आता दराकडे, कारण तिथेही चुका होतातच, फक्त त्या बहुधा अज्ञानातून होतात. महाराष्ट्रात साठहून अधिक रोजगारांसाठी वेगवेगळ्या अधिसूचना निघालेल्या आहेत आणि प्रत्येकीत परिमंडळे, म्हणजे जागेनुसार वेगळ्या दराचे भाग, पाडलेली आहेत. परिमंडळाची व्याख्या प्रत्येक अधिसूचनेत तंतोतंत सारखी नसते. नागपूर महापालिकेची हद्द एक, वाडी, कामठी, बुटीबोरी या नगरपरिषदा वेगळ्या, आणि त्यांच्या पलीकडचा ग्रामीण भाग आणखी वेगळा. 'आम्ही नागपूरच' म्हणून चालत नाही आणि 'आम्ही गावात' म्हणूनही नाही. तुमच्या उद्योगाची अधिसूचना काढा, परिमंडळाचा परिच्छेद वाचा आणि कारखान्याच्या जागेची हद्द त्यात बसवून पाहा. विशेष भत्ता ग्राहक मूल्य निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा बदलतो, १ जानेवारी आणि १ जुलैपासून. त्याचा आदेश त्या तारखेला हातात असेलच असे नाही. उशिरा आला तर मागचा फरक द्यावा लागतो, आणि ठेकेदार तो फरक सोयीस्करपणे विसरतो. फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या पगारपत्रकात 'फरक' असा रकाना आहे का ते पाहा. शिवाय आस्थापनेत ५० किंवा अधिक कामगार असतील तर १९८३ च्या राज्य कायद्याप्रमाणे घरभाडे भत्ता ५ टक्के वेगळा. तो किमान वेतनात जिरवता येत नाही.

नागपुरात आणखी एक गुंता आहे. रेल्वे, खाणी आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी समुचित शासन, म्हणजे दर ठरवणारे आणि तक्रारी पाहणारे सरकार, केंद्र असते, आणि त्यांच्या ठेकेदारांसाठीही तेच. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या दोन्हींची मुख्यालये नागपुरातच आहेत. केंद्राच्या यादीत नागपूर 'अ' क्षेत्रात येते. १ ऑक्टोबर २०२४ पासून बांधकाम, झाडलोट आणि माल चढवणे-उतरवणे या कामांसाठी 'अ' क्षेत्रातला अकुशल दर रोज ७८३ रुपये होता, महिना २०,३५८. हा दर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. एकच ठेकेदार रेल्वेत आणि खासगी मॉलमध्ये झाडलोटीचा ठेका घेत असेल तर दोन जागांचे दर वेगळे लागतात. माणसे इकडची तिकडे फिरवताना ठेकेदाराच्या मुनिमाला नेमका स्वस्त दर आठवतो.

यानंतरचा प्रश्न बहुतेक कंपन्यांना आवडत नाही: तुम्ही ठेकेदाराला देता किती? १३,००० वेतनावर मालकाचा पीएफ सर्व आकारांसह १३ टक्के, १,६९०. ईएसआय ३.२५ टक्के, ४२२.५०. बोनस ८.३३ टक्के, १,०८२.९०. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ६२५.३०. बेरीज १६,८२०.७०. यात पगारी रजा, गणवेश, बदली माणूस आणि ठेकेदाराचा नफा धरलेला नाही. जीएसटी तर वरून वेगळा. अशा वेळी माणशी १५,५०० ची वर्क ऑर्डर देणाऱ्या खरेदी विभागाने चोरीला आधीच मंजुरी दिलेली असते, पुढे ती कोणत्या रकान्यात करायची एवढेच ठेकेदार ठरवतो. निविदेत वेतन आणि वैधानिक देणी स्थिर धरून ठेकेदारांना फक्त सेवाशुल्कावर स्पर्धा करू द्या. शून्य किंवा पैशांत सेवाशुल्क लावणाऱ्याला काम देऊ नका. त्याचा नफा कुठून तरी निघणारच.

जबाबदारी कोणाची? २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान वेतन हे चार जुने कायदे तिच्यात आले. जुन्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तितक्या चालू राहतात. मोठा बदल असा की किमान वेतन आता अनुसूचीतल्या रोजगारांपुरते राहिलेले नाही, सगळ्या रोजगारांना लागू आहे. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचे. कपात एकूण वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नये, आणि कायद्यातल्या यादीत न बसणारी कपात तर एक रुपयाचीही चालत नाही. ठेकेदाराने दिले नाही तर मूळ मालकाने, म्हणजे तुमच्या कंपनीने, द्यायचे आणि नंतर ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचे. 'आमचा करार ठेकेदाराशी आहे' हे उत्तर चालत नाही. 'मी कमी पगारावर राजी आहे' असे कामगाराने लिहून दिले असले तरी तो कागद निरर्थक आहे. परवडत नाही हा बचावही उनिचोयी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच मोडीत काढला. १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात तर किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करवून घेणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ मधली वेठबिगारी, असे म्हटले गेले.

दाव्याची मुदत पूर्वी ६ महिने होती, आता ३ वर्षे आहे. कामगार स्वतः, नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक-नि-सुविधाकर्ता (संहितेतले कामगार निरीक्षकाचे नाव) दावा लावू शकतो, अनेकांसाठी एकच अर्जही चालतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. राज्याच्या क्षेत्रातल्या तक्रारीसाठी अपर कामगार आयुक्तांचे नागपूर कार्यालय, केंद्राच्या क्षेत्रातल्यांसाठी केंद्रीय कामगार आयुक्तांची यंत्रणा. चुकीच्या दारी अर्ज दिल्यामुळे महिने वाया जातात, म्हणून समुचित शासन कोणते ते अर्जाआधी ठरवा.

आता पाळले का जात नाही याकडे. तुमचेच आकडे घ्या. ४० माणसांचे महिन्याला पाच-पाच दिवस खाल्ले तर एक लाख वाचतात, वर मालकाच्या पीएफ-ईएसआयचे १६,२५०. १९४८ च्या कायद्यात कमी वेतनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता, आणि व्यवहारात बहुतेक वेळा दंडच. नव्या संहितेत पहिल्या गुन्ह्याला ५०,००० पर्यंत दंड आहे आणि त्याच्या निम्मी रक्कम भरून खटला न चालता तडजोड होऊ शकते. एक लाख महिना कमावणाऱ्याला पंचवीस हजार म्हणजे किरकोळ खर्च. पाच वर्षांत पुन्हा सापडला तर मात्र तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरा धाक दाव्यात आहे: वर्षाची थकबाकी १२ लाख, आणि त्यावर दहापटीपर्यंत भरपाई. पण दावा लावणारा कामगार दुसऱ्या दिवशी कामावर असेल याची हमी कोण देणार? आपल्याकडे कायदा इथेच लंगडतो. तक्रार करणारा एकटा आणि बदली माणूस फाटकाबाहेर उभा, अशा बाजारात हक्काचा कागद खिशातच राहतो.

दरांची गर्दी ही दुसरी अडचण. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत देशभरात ४२९ अनुसूचित रोजगार आणि अकुशल कामांच्या १,९१५ वर्गवाऱ्या मोजल्या होत्या. आपला दर कोणता हेच ज्याला सांगता येत नाही तो कमी मिळाल्याची तक्रार कशी करणार? दक्षिण आफ्रिकेने १ जानेवारी २०१९ पासून देशभर तासाला २० रँड असा एक दर आणला. शेतमजूर आणि घरकामगारांना सुरुवातीला कमी होता, पण दर तासावर होता, आणि बारा तासांच्या पाळीची लपवाछपवी तिथेच अवघड होते. आपल्याकडचा महिन्याचा दर तास लपवायला सोयीचा पडतो. कोस्टा रिकाने २०१० मध्ये वेगळा रस्ता धरला: किमान वेतनाची देशभर जाहिरात, निनावी तक्रारीसाठी फोन आणि जिथे संशय तिथे तपासणी. पालन त्यानंतर वाढले, कायद्यात मोठा बदल न करता. निनावी फोनचा तुकडा तर कोणताही कारखाना उद्या सुरू करू शकतो. फाटकावर मराठी आणि हिंदीत दर लावा, रोजचा, तासाचा आणि जादा तासाचा. कपातीनंतर हातात किती यायला हवे तोही आकडा लिहा. खाली ठेकेदाराचा नव्हे, तुमच्या कार्यालयाचा नंबर द्या.

तुमच्या बाबतीत या महिन्यापुरते एवढे करा. दहा नावांची पडताळणी आधी, ठेकेदाराला नोटीस नंतर. उलटे केले तर जुने हजेरीपट एका रात्रीत नवे होतात. फाटकाच्या आणि कँटीनच्या नोंदींच्या प्रती ताब्यात घ्या. फरक निघाला की दहांपुरता न थांबता चाळीसही जणांचा, आणि निदान ३ वर्षे मागे जाऊन काढा, मधल्या काळात सोडून गेलेल्यांसह. थकबाकी ठेकेदाराच्या हातून न देता थेट कामगारांच्या खात्यात भरा आणि त्याच्या बिलातून कापा. तिच्यावरचा पीएफही ज्या त्या महिन्याच्या सुधारित ईसीआरमध्ये जाऊ द्या. थकबाकी जमा झाल्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा चार जणांना गाठून विचारा की पैसे खात्यातच आहेत ना, आणि पुढचे सहा महिने या चाळिसांपैकी कोणालाही तुमच्या लेखी संमतीशिवाय ठेकेदाराने बदलू नये, अशी ओळ वर्क ऑर्डरमध्ये घाला.